आधी दोन स्पीकर, मग होम थिएटर

गाणी नीट ऐकता यावीत आणि सिनेमाही थिएटरसारखा वाटावा म्हणून तुम्ही दुकानात जाता, तेव्हा पाच स्पीकर आणि वूफरचा तयार संच पुढे केला जातो. समजा, किंमत ३६,००० रुपये, दरमहा ३,००० चे बारा हप्ते, 'नो कॉस्ट ईएमआय'. हाच संच रोखीने ३३,००० ला मिळत असेल, तर वरचे ३,००० हे व्याजच आहे. वार्षिक दर काढला तर तो १६ टक्क्यांच्या वर जातो. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५४० रुपये. प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितले आहे. म्हणून दुकानात आधी विचारा, "रोख दिले तर किती?"

आता आवाजाचा हिशेब. गाणी बहुतेक दोन स्पीकरसाठीच तयार केलेली असतात, डावा आणि उजवा. ३३,००० रुपयांत पाच स्पीकर, वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? सिनेमातला स्फोट दणकतो, पण तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो. खोक्यावरच्या 'पीएमपीओ' वॅटच्या आकड्याला भुलू नका, 'आरएमएस' वॅट पाहा.

त्यापेक्षा पाच स्पीकर चालवू शकेल असा एव्ही रिसीव्हर आणि सध्या दोनच चांगले स्पीकर घ्या. सेटिंगमध्ये 'सेंटर स्पीकर नाही' अशी नोंद केली की सिनेमातले संवाद याच दोघांतून येतात. बरोबर मध्ये बसलात तर ते पडद्यावरूनच आल्यासारखे वाटतात. गाण्यांसाठी 'स्टिरिओ' मोड लावायचा. पुढे सवडीने सेंटर, मग वूफर, शेवटी मागचे दोन. सेंटर शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला असावा. पहिले दोन स्पीकर जागेवरच राहतात, काही विकावे लागत नाही.

घरात सिनेमा क्वचितच पाहिला जात असेल तर रिसीव्हरही नको. तेवढ्याच पैशात साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर गाण्यांना बहुधा अधिक न्याय देतो. त्याला टीव्हीची ऑप्टिकल केबल लागते का, एवढे पाहून घ्या आणि टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडा.

प्रत्येक टप्प्यासाठी एक आवर्ती ठेव उघडा. दरमहा २,००० रुपये वर्षभर भरले आणि व्याजदर ६.५ टक्के धरला, तर २४,००० वर साधारण ८५० रुपये व्याज मिळते. हप्त्यात व्याज तुम्ही देता, इथे ते तुम्हाला मिळते. ठेवीची मुदत दिवाळीच्या महिनाभर आधी संपेल अशी ठेवा. ऑफर लागतात तेव्हा रोख हातात असते.