फ्रॉगर : बेडकाचा खेळ

बेडूक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण आज मी पडद्यावरच्या बेडकाची माहिती देणार आहे. त्याच्या खेळाचं नाव फ्रॉगर. इंग्रजीत फ्रॉग म्हणजे बेडूक.

हा खेळ जपान देशातील कोनामी या कंपनीने सन १९८१ मध्ये काढला. तेव्हा असे खेळ कपाटाएवढ्या मोठ्या यंत्रात असत. नाणे टाकले की खेळ सुरू होई. त्या वेळच्या पुष्कळ खेळांत गोळ्या झाडाव्या लागत. पण या बेडकाजवळ बंदूक नाही, काठी नाही, काहीच नाही. खेळणाऱ्याच्या हातात फक्त एक दांडा. तो पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे ढकलायचा. एकदा ढकलला की बेडूक एक उडी मारतो. बस्स, एवढंच!

बेडूक पडद्याच्या तळाशी बसलेला असतो. त्याची घरं अगदी वर असतात. अशी ५ घरं आहेत. प्रत्येक घरात एक बेडूक पोचवायचा. मध्ये आधी रस्ता लागतो. रस्त्यावर वाहनांच्या ५ रांगा असतात. मोटारी, ट्रक, बुलडोझर, कुणी इकडं तर कुणी तिकडं पळत असतं. रस्ता संपला की विसाव्याची एक पट्टी. तिच्यापुढे नदी. नदीतही ५ रांगा. काहींत लाकडाचे ओंडके वाहतात, काहींत कासवं पोहतात.

आता खरी गंमत ऐका. रस्त्यावर नियम असा, की जे हलतंय त्याला शिवायचं नाही. मोटार लागली की बेडूक मेला. नदीत नियम एकदम उलटा! जे हलतंय त्याच्यावरच बसायचं. ओंडका चुकला आणि पाण्यात पडला की बेडूक मेला. रस्त्यावर मोकळी जागा चांगली, नदीत मोकळी जागा वाईट. दांडा तोच, उडी तीच, पण नियम अर्ध्या वाटेत पालटतो. म्हणून खेळ सोपा दिसतो आणि अवघड जातो.

ओंडक्यावर बसूनही निवांत राहता येत नाही. ओंडका बेडकाला घेऊन वाहतच असतो. पडद्याच्या कडेबाहेर गेला की बेडूक संपला. काही कासवं मधेच बुडी मारतात. मगरीच्या पाठीवर बसलं तर चालतं, तोंडाजवळ गेलं की गिळते. कधी कधी मगर घरातच दडून बसते. मग ती जाईपर्यंत थांबावं लागतं.

बेडकाला घरी पोचायला सुमारे ३० सेकंद मिळतात. मी उड्या मोजल्या. रस्त्याच्या ५, विसाव्याची १, नदीच्या ५ आणि घराची १, मिळून १२ उड्या. म्हणजे एका उडीला अडीच सेकंद आले. घाई करायचं कारणच नाही! बघायचं, थांबायचं, फट सापडली की उडी मारायची. नुसतं पळणारा मरतो आणि नुसतं थांबणाऱ्याची वेळ संपते.

पुढच्या प्रत्येक उडीला १० गुण, घर गाठलं की ५० गुण आणि पाचही घरं भरली की १००० गुण मिळतात. खेळ सुरू होताना वाजते ती चाल जपानी मुलांच्या एका गाण्याची आहे. त्या गाण्यात पोलीस झालेला कुत्रा हरवलेल्या मांजरीच्या पिलाला विचारतो, तुझं घर कुठं आहे?

तुम्ही म्हणाल, बेडूक पाण्यात कसा मरेल? बरोबर आहे. खरा बेडूक छान पोहतो. त्याच्या मागच्या पायांच्या बोटांमध्ये पातळ कातडं असतं. त्यानं तो पाणी मागे रेटतो. पण खेळातला बेडूक पोहला असता तर ओंडक्यांचं कामच उरलं नसतं. म्हणून खेळातली नदी खोटी आहे. रस्ता मात्र खरा आहे. पावसाळ्यात बेडूक अंडी घालायला पाण्याकडं निघतात, तेव्हा वाटेत ते वाहनाखाली सापडतात. खेळात एक बेडूक मेला की दुसरा मिळतो. खऱ्या बेडकाला दुसरा जीव नाही, आणि आपल्यालाही नाही. म्हणून मुलांनी रस्ता दोन्ही बाजूंना बघूनच ओलांडावा. पालकांनी पावसाळ्यात रात्री गाडी हळू चालवावी. बेडूक किडे खातो, तो शेतकऱ्याचा मित्र आहे.

स्वाध्याय
१. रस्त्याचा नियम आणि नदीचा नियम यांत फरक काय?
२. पाचही बेडूक घरी न्यायला कमीत कमी किती पुढच्या उड्या लागतील?
३. खेळातला बेडूक आणि खरा बेडूक यांत कोणता फरक आहे?

— इयत्ता चौथी