पासवर्ड तेवढा रीसेट करून द्या ना!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या! विषय आहे सोशल इंजिनिअरिंग. नाव एखाद्या नव्या ब्रँचसारखं वाटतं, पण हा प्रकार म्हणजे कॉम्प्युटर न फोडता माणसाला बोलण्यात गुंडाळणं. आपल्या कोल्हापुरात "मी अमक्या साहेबांचा भाचा" म्हटलं की काउंटरवर काम पटकन होतं ना? तेच.

२००५ साली पुण्यातल्या एम्फसिसच्या कॉल सेंटरचं प्रकरण गाजलं. सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे दीड कोटी रुपये वळवले, असा आरोप होता. तिथे फसवणारा कॉल सेंटरमधला होता. आता उलटं झालंय. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या क्लोरॉक्स कंपनीवर हल्ला झाला. हल्लेखोराने हेल्प डेस्कला फोन करून पासवर्ड मागितला आणि ओळख न तपासता त्याला तो मिळाला, असं क्लोरॉक्सने २०२५ मध्ये कोर्टात म्हटलं. नुकसान सांगितलं ३८ कोटी डॉलर! हेल्प डेस्क कॉग्निझंटचा होता. त्यांना हा आरोप मान्य नाही.

माझी मावसबहीण पुण्यात हेल्प डेस्कवर नाइट शिफ्ट करते. एका रात्री एका 'मोठ्या साहेबां'चा फोन आला. एअरपोर्टवर आहे, मोबाईल हरवलाय, ओटीपी येणार नाही, आत्ता रीसेट कर. ताई म्हणाली, तुमच्या मॅनेजरला फोन करून खात्री करते. साहेब खरेच निघाले! तक्रार झाली, तिचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. मला म्हणाली, "पुढच्या वेळी देऊन टाकणार गं."

म्हणजे नियम पाळणाऱ्यालाच दंड. कॉल लवकर संपवला की मार्क, आणि जन्मतारीख, एम्प्लॉयी नंबर विचारून खात्री झाली म्हणायचं! ही माहिती चोराने आधीच गोळा केलेली असते. ओटीपीचा मोबाईल बदलून देणं तर सगळ्यात धोक्याचं, कारण पुढचे ओटीपी चोराकडेच जातात. म्हणून रेकॉर्डवरच्या नंबरवरच उलटा फोन करायचा, आणि ॲडमिन अकाउंट असेल तर दोघांच्या मंजुरीशिवाय हात लावायचा नाही. त्यात गेलेली मिनिटं ताईच्या कॉल टाइममध्ये धरायची नाहीत, आणि अशी तक्रार आली तर उत्तर तिच्या मॅनेजरने द्यायचं.

परवा ताईला विचारलं, तुमच्याकडे यातलं काही सुरू झालं का?

"झालं की," म्हणाली, "भिंतीवर पोस्टर लावलंय."