केर निवडावा, मग टाकावा



धान्यातले खडे निवडल्यावाचून आपली कोणतीही गृहिणी दळण दळीत नाही. परंतु घरात येणाऱ्या वस्तूविषयी आपण जी दक्षता बाळगतो, ती घराबाहेर जाणाऱ्या वस्तूविषयी बाळगीत नाही. शिळे अन्न, फुटकी काच, औषधाची बाटली व पडक्या भिंतीच्या विटा ही सर्व एकाच उकिरड्यावर जातात. ह्या पाठात आम्हांस सांगावयाचे ते हेच की, जो कचरा आपण आपल्या दारी निवडीत नाही, तो पुढे दुसऱ्या कोणास तरी उघड्या हातांनी निवडावा लागतो. अमरावतीचा कचरा सुकळीस व अकोल्याचा नायगावास वर्षानुवर्षे साचत गेला. अशा ढिगांतून वस्तू वेचून पोट भरणाऱ्यांच्या हातांस आपलीच काच लागते.

हे काम गावाने फार काळ ठरावीक जातींच्या माथी मारले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी ही रीत आपल्या आचरणाने खोडून काढली. गावी पोचताच ते स्वतः खराटा घेऊन रस्ते झाडीत व मग रात्री कीर्तन करीत.

पूर्वी वऱ्हाडातील घर पांढऱ्या मातीचे असे. ते पडले तर माती मातीस मिळे, आणि उकिरडा कुजून शेतास जाई. आता न कुजणाऱ्या वस्तू घरोघर आल्या, म्हणून निवड अवश्य झाली. ती चार प्रकारांनी करावी.

१. ओला कचरा. भाजीचे देठ, उष्टे, शेण, पालापाचोळा. ह्याचे खत करावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी शोधलेल्या रीतीस त्यांच्याच नावावरून 'नाडेप' म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधून हवेकरिता भिंतीस भोके ठेवावी. आत कचरा, शेणाचे पाणी व चाळलेली माती ह्यांचे थर देऊन वरून लिंपावे. सुमारे ४ महिन्यांत खत तयार होते. त्यात काच राहिली तर ती शेतात जाऊन आपल्याच पायात शिरते.

२. सुका कचरा. कागद, पत्रा, काच, प्लास्टिक. हा कोरडा ठेवून भंगारवाल्यास द्यावा. खरकट्याने भिजलेल्या कागदास कोणी मोल देत नाही. फुटकी काच जाड कागदात गुंडाळावी. प्लास्टिक जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.

३. घातक कचरा. बॅटऱ्या, पारा असलेल्या दिव्याच्या नळ्या, जुनी औषधे, पाती, कीटकनाशकांच्या बाटल्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, हे आपण विसरू नये. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे व बाटलीस भोके पाडावी. तीत तेल किंवा पाणी कधीही भरू नये, आणि ती विहिरीत वा नाल्यात टाकू नये.

४. बांधकामाचा मलबा. लोखंड, लाकूड, दगड व अखंड विटा निरनिराळ्या रचाव्या. ह्याच विटांनी नाडेपचे टाके बांधता येते. विटांचे तुकडे जोत्याच्या भरावास उपयोगी पडतात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते; त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ते फोडू नयेत, भिजवून अखंडच उतरावे.

२०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांतही ओला, सुका व घातक कचरा घरीच वेगळा करावा, आणि मलब्याने रस्ते व गटारे अडवू नयेत, असे सांगितले. अकोल्याच्या नागरिकांनी जानेवारी २०१८ मध्ये मोर्णा नदीत उतरून ती साफ केली, हे स्तुत्य होय. परंतु नदीत उतरण्याची पाळीच येऊ नये, ह्याचा आरंभ चुलीपाशी होतो.

शिक्षक बंधूंनी पुढील प्रश्न विचारावे :
१. पूर्वी एकच उकिरडा का पुरत असे?
२. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटलीचे काय करावे?
३. आपण न निवडलेला कचरा आपल्या गावी कोण निवडतो? त्याचे श्रम आजपासून कसे हलके करता येतील?