होमोसिस्टीनचा आकडा वयाशी जोडून वाचा

१९३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. काही दिवस डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, गुंगी वाढत होती आणि मग अर्धं अंग लुळं पडलं. तो वाचला नाही. शवविच्छेदनात डॉक्टरांना मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली रोहिणी अरुंद झालेली आढळली. असा बदल त्यांनी एरवी म्हाताऱ्या माणसांत पाहिलेला होता. आठ वर्षांच्या पोराला म्हातारपणाचा पक्षाघात कसा होतो, याचं उत्तर पुढची तीसेक वर्षं कुणालाच देता आलं नाही.

१९६२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या डॉक्टरांनी लघवीत होमोसिस्टीन सापडणाऱ्या मुलांचा एक आनुवंशिक आजार नोंदवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोस्टनमध्ये हाच आजार असलेली एक मुलगी तपासणीला आली. तिच्या आईला आपला लहानपणीच गेलेला भाऊ आठवला. १९३३चा मुलगा तोच. किल्मर मॅकली या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने त्या मुलाचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरले. दोन महिन्यांच्या दुसऱ्या एका बाळाच्या रोहिण्यांतही त्यांना तशीच इजा दिसली. या बाळात बिघडलेलं विकर वेगळं होतं, पण रक्तात होमोसिस्टीन त्याच्याही साचलेलं होतं. दोन्ही मुलांत समान धागा तेवढाच, म्हणून रक्तवाहिन्यांना इजा करणारा पदार्थ होमोसिस्टीनच असावा, असं मॅकलींनी १९६९ मध्ये मांडलं. कोलेस्टेरॉलचा बोलबाला असलेल्या त्या काळात बरीच वर्षं त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

आज होमोसिस्टीनची तपासणी तालुक्याच्या गावीही होते. चाळीशीतल्या माणसाला पक्षाघात झाला की अहवालात हा आकडा हमखास असतो आणि त्यापुढे ‘जास्त’ असं छापून येतं. घाबरलेले नातेवाईक तो कागद घेऊन फिरतात. पंच्याहत्तरीच्या आजोबांच्या अहवालातही तेच छापलेलं असतं, पण दोन्ही ठिकाणी त्या आकड्याचा अर्थ सारखा नसतो.

मुळात हा पदार्थ विषारी किंवा परका नाही. दूध, डाळी, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते वापरलं जाताना होमोसिस्टीन तयार होतं. फोलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या मदतीने शरीर त्याचं पुन्हा मेथिओनिन करतं, नाहीतर बी-६च्या मदतीने त्याला दुसऱ्या उपयोगी पदार्थात वळवतं. या कामात मूत्रपिंडांचाही मोठा वाटा असतो. यापैकी काहीही कमी पडलं की रक्तातली पातळी चढते. साधारणपणे लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल ही पातळी ठीक मानतात. १५ ते ३० म्हणजे सौम्य वाढ. आकडा १०० पलीकडे गेला, तर बेलफास्टला सापडला तसल्या आनुवंशिक आजाराचा विचार आधी करायला हवा.

वय वाढतं तशी ही पातळीही वर सरकते. म्हातारपणी मूत्रपिंडांची ताकद घटते. जठरात आम्ल कमी तयार होतं, त्यामुळे अन्नातलं बी-१२ मोकळं होऊन शोषलं जात नाही. जेवण निम्म्यावर येतं. त्यातच औषधांची भर पडते: मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली पित्ताची गोळी, दोन्हींमुळे बी-१२ घटू शकतं. पुरुषांत ही पातळी बायकांपेक्षा थोडी जास्तच असते, पण पाळी थांबल्यावर बायकांची पातळीही वाढू लागते. म्हणून पंच्याहत्तरीच्या माणसात १७ हा आकडा दिसला, तर तो बहुतेक वेळा त्याच्या वयाची, मूत्रपिंडांची आणि बी-१२ची हकीकत सांगत असतो. त्याच्या पक्षाघाताचं मुख्य कारण उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा हृदयाचे अनियमित ठोके यांपैकी काही असण्याची शक्यता कितीतरी जास्त. होमोसिस्टीनची गोळी इमानेइतबारे चालू आणि रक्तदाबाची मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद, हे अनेक घरांत घडतं आणि त्याची किंमत फार मोठी असते.

तरुणांत मात्र या आकड्याला वजन आहे. १९९७ मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या साठ वर्षांखालच्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदय, मेंदू किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ७५० जणांची तुलना ८०० निरोगी माणसांशी केली होती. ज्यांचं होमोसिस्टीन सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात होतं, त्यांच्यात आजाराचा धोका इतरांच्या सुमारे २.२ पट दिसला. तरुण माणसात नावं घ्यायला दुसरी कारणं थोडी असतात, त्यामुळे एक कारण सापडलं तरी ते मोलाचं ठरतं. मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होण्याच्या प्रकाराशीही वाढलेल्या होमोसिस्टीनचा संबंध आढळला आहे. हा प्रकार बाळंतिणींत विशेष दिसतो. न थांबणारी डोकेदुखी, झटका आणि मग अशक्तपणा ही त्याची लक्षणं. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. त्याने रक्त घट्ट होतं आणि धोका वाढतो, म्हणून ही पद्धत बंदच करायला हवी.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही गट होते. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५च्या वर. सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती: ८१ टक्क्यांत बी-१२ कमी. शाकाहार हे यातलं एक मोठं कारण. वनस्पतींत बी-१२ जवळजवळ नसतंच. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून येतं. एका ग्लास दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं, तर गरज रोजची दोनेक मायक्रोग्रॅमची आहे. चहातल्या दोन घोट दुधावर आणि पातळ ताकावर ही गरज भागत नाही. ‘आम्ही दूध घेतो की’ असं सांगणाऱ्या घराने ते प्रत्यक्षात किती घेतलं जातं, हे एकदा मोजून पाहावं.

मग गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरवलं की पक्षाघात टळतो का? इथे उत्साह आवरावा लागतो. पक्षाघात होऊन गेलेल्या ३,६८० रुग्णांवर अमेरिका, कॅनडा आणि स्कॉटलंडमध्ये प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने पातळी उतरली, पण पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण घटलं नाही. याउलट २०१५ मध्ये चीनमधून आलेला निकाल आशादायक होता. रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांपैकी निम्म्यांना एनालाप्रिल या रक्तदाबाच्या औषधाबरोबर ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं आणि निम्म्यांना नुसतं एनालाप्रिल. पहिला पक्षाघात फोलिक ॲसिड घेणाऱ्या गटात २.७ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात ३.४ टक्क्यांना. या दोन निकालांतल्या फरकाचं एक कारण पटण्यासारखं आहे. अमेरिकेत १९९८ पासून धान्याच्या पिठात फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं आहे, चीनमध्ये तसं नव्हतं. म्हणजे फायदा झाला तो मुळात कमतरता असलेल्यांना. म्हणूनच अमेरिकेतली तज्ज्ञ मार्गदर्शक तत्त्वं पक्षाघात झालेल्या रुग्णांना नुसतं होमोसिस्टीन उतरवण्यासाठी या गोळ्या देण्याची शिफारस करत नाहीत. मात्र ज्याच्यात बी-१२ खरोखर कमी आहे, त्याची कमतरता भरून काढलीच पाहिजे. पक्षाघाताचा विचार बाजूला ठेवला तरी त्याच्या मज्जातंतूंसाठी, स्मरणशक्तीसाठी आणि रक्तासाठी ते आवश्यक आहे. तळपायांची जळजळ, मुंग्या, चालताना तोल जाणं ही लक्षणं असतील तर उशीर नको.

तपासणी करतानाही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. रक्त उपाशीपोटी द्यावं. नळीत तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात, त्यामुळे नमुना बर्फात ठेवून त्यातल्या पेशी लवकर वेगळ्या केल्या नाहीत तर आकडा खोटाच वाढतो. दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलेला नमुना या कारणाने फसवू शकतो. पक्षाघात झाल्याच्या पहिल्या काही दिवसांत पातळी नेहमीपेक्षा कमी येते, म्हणून तेव्हा ‘नॉर्मल’ आलेली तपासणी तरुण रुग्णात दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सोबत बी-१२, क्रिएटिनिन आणि थायरॉइड हवंच. थायरॉइड मंद असेल तरी होमोसिस्टीन वाढतं. याच्या जोडीने एका जनुकाची महागडी तपासणीही अनेकदा सुचवली जाते. तिने उपचारात सहसा काही बदलत नाही, ते पैसे वाचवावेत.

दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणणं धोक्याचं आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण मज्जारज्जूचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. बी-६च्या मोठ्या मात्रा लांबवल्या तर त्या स्वतःच नसांना इजा करतात. मधुमेहाने मूत्रपिंडं बिघडलेल्या २३८ रुग्णांवर कॅनडात झालेल्या प्रयोगात या जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी मूत्रपिंडांची अवस्था आणखी खालावली आणि हृदय व मेंदूचे झटकेही वाढले. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. क्रिएटिनिन वाढलेल्यांनी म्हणूनच डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये.

आहारात दूध-दही पुरेसं असावं, चालत असेल तर अंडी-मासे असावेत. मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे यांतून फोलेट मिळतं. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि फार वेळ शिजवू नये.

घरात पन्नाशीच्या आत कुणाला पक्षाघात झाला असेल, किंवा कुणाच्या पायात अथवा मेंदूत कारणाशिवाय गुठळी झाली असेल, तर त्या रुग्णाचं होमोसिस्टीन आणि बी-१२ तपासून घ्यावं. आकडा फारच मोठा आला, आणि रुग्ण उंच-सडपातळ असून त्याला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा असेल किंवा डोळ्यातलं भिंग सरकलेलं असेल, तर त्याच्या भावंडांनाही दाखवावं. या आनुवंशिक आजाराचे काही रुग्ण नुसत्या बी-६ने सुधारतात आणि भावंडांचा पक्षाघात होण्याआधीच रोखता येतो. डॉक्टरांकडे जाताना अहवालासोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी. मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी त्यात आठवणीने लिहावी.