आठ चिन्हांचा दुभाष्या

तुझं मायक्रोप्रोसेसर लॅबचं जर्नल चाळलं गं. पाच आकडे वाचून ॲरेत ठेवायचे आणि परत छापायचे, धन किती नि ऋण किती ते मोजायचं, हेक्सचं बीसीडी करायचं. पुणे विद्यापीठाची पोरं दुसऱ्या वर्षाला लिनक्सवर नॅस्म घेऊन हेच करतात, कॉलेज आपल्या पंचवटीतलं असो की पुण्यातलं. वाईट काही नाही. पण प्रयोग वीस ओळींत संपतो आणि असेंब्लीची खोड कळायच्या आत सबमिशन होऊन जातं. ती खोड कळायची तर एक इंटरप्रिटर लिही, आणि त्यासाठी भाषा इतकी लहान घे की ती शिकण्यात वेळच जाऊ नये.

स्वित्झर्लंडच्या उर्बान म्युलरने १९९३ साली अमिगा संगणकावर तशी एक भाषा करून ठेवली आहे. पूर्ण नाव आजीसमोर घेऊ नकोस, बीएफ म्हण. एक बाइटाचा एक असे ३०,००० खण ओळीने, सुरुवातीला सगळे शून्य. ‘>’ म्हणजे उजवीकडच्या खणावर जा, ‘<’ म्हणजे डावीकडच्या. ‘+’ ने खणातला आकडा एकने वाढतो, ‘-’ ने कमी होतो. ‘.’ ने छापायचं, ‘,’ ने वाचायचं. ‘[’ आला आणि खणात शून्य असेल तर जोडीच्या ‘]’ च्या पुढे उडी मारायची, ‘]’ आला आणि खणात शून्य नसेल तर मागे फिरायचं. या आठांखेरीज जे काही दिसेल ते टिपण समजून सोडून द्यायचं. संपली भाषा.

म्युलरचा कंपायलर २४० बाइटांत बसला होता. हा आकडा ऐकला की पोरं पहिल्या दिवसापासून बाइट वाचवत बसतात. तू त्या नादाला लागू नकोस. ६४ बिटी लिनक्सवर एल्फ फाइलचं हेडर ६४ बाइटांचं आणि त्यामागचं प्रोग्रॅम हेडर ५६ बाइटांचं. म्हणजे तुझी पहिली सूचना लिहायच्या आधीच १२० गेले. आधी चालू दे. काटकसर सुचायला पुढे भरपूर वेळ आहे.

आता कागद घे. आमच्या वेळी ८०८५ चा किट असायचा, वीज गेली की रॅम कोरी. त्यामुळे पत्ता, ऑपकोड, निमॉनिक असे रकाने आखून सगळं आधी वहीत उतरायचं आणि मग बोटं किटला लागायची. शेजारी गावकरांचं पुस्तक उघडं. हे रमेश गावकर तिकडे अमेरिकेत सिरॅक्यूजला शिकवत आणि त्यांच्या पुस्तकावर इथल्या पिढ्या पास होत. गंमत सांगतो, बीएफ त्या जुन्या चिपवर फार सुखाने बसते. एचएल जोडीत खणाचा पत्ता ठेवला की ‘>’ म्हणजे आयएनएक्स एच, ‘<’ म्हणजे डीसीएक्स एच, ‘+’ म्हणजे आयएनआर एम आणि ‘-’ म्हणजे डीसीआर एम. ऑपकोड २३, २बी, ३४, ३५. आठातली चार चिन्हं एकेका बाइटात आटोपली. तुझ्याकडे आता डझनाहून जास्त रजिस्टरं आहेत, म्हणून तर घोळ होतो. आमच्याकडे इतकी कमी होती की कोणात काय ठेवलंय हे विसरायची सोयच नव्हती.

तेव्हा कागदावर पहिली गोष्ट लिही ती रजिस्टरांची वाटणी. खणाचा पत्ता आरबीएक्समध्ये. बीएफच्या प्रोग्रॅमात आपण कुठवर आलो ते आर१२ मध्ये, त्याचा शेवट आर१३ मध्ये, कंसांची मोजणी आर१४ मध्ये. हीच का, ते नीट ऐक, कारण ओरलला एक्स्टर्नलने विचारलं नाही तरी मशीन विचारणार आहे. आरएएक्स, आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स ही चारही सिसकॉलला माल द्यायला लागतात, तिथे आपलं काही ठेवता येत नाही. आणि सिसकॉल सूचना स्वतःच दोन रजिस्टरं पुसते: आरसीएक्समध्ये ती परतीचा पत्ता लिहिते, आर११ मध्ये फ्लॅग. आरसीएक्सची मोजणीसाठी सवय लागलेली असते, म्हणून पोरं हमखास तिथेच काहीतरी महत्त्वाचं ठेवतात. रामनवमीला काळारामाच्या दारात सोडलेली चप्पल आहे ती. परत येऊन बघावं तर जागेवर चप्पल असते, पण दुसऱ्याची.

प्रोग्रॅमचा पत्ता आरसीएक्समध्ये ठेवला तर काय होतं, माहीत आहे? पहिलं ‘.’ बरोबर छापलं जातं. त्यानंतर आरसीएक्समध्ये तुझ्या इंटरप्रिटरच्याच पुढच्या सूचनेचा पत्ता बसलेला असतो, आणि बाईसाहेब स्वतःचाच मशीन कोड बीएफ समजून वाचू लागतात. कुठे योगायोगाने ४३ आकड्याचा बाइट सापडला की एक वाढवतात, पुढे जातात. शेवटी सेगमेंटेशन फॉल्ट. पहिलं अक्षर नीट आणि मग गोंधळ दिसला, तर कोड वाचत बसू नकोस. वाटणीचा कागद बघ.

छापायला वेगळा बफर करू नकोस. आरबीएक्स तसाच आरएसआयमध्ये घाल, खणच बफर होतो. छापायला आरएएक्समध्ये १ नि आरडीआयमध्ये १. वाचायला दोन्हीकडे ०. आरडीएक्समध्ये दोन्ही वेळा १. इनपुट संपलं की रीड शून्य परत करतो आणि खणाला हातही लावत नाही. काही बीएफ प्रोग्रॅम अशा वेळी खणात ० धरतात, काही २५५, काही जुनाच आकडा. तू काय धरलंस ते फाइलच्या माथ्यावर लिहून टाक. आणि बीएफचा प्रोग्रॅम फाइलमधून वाच, कीबोर्डवरून नको, नाहीतर प्रोग्रॅम कुठे संपला आणि इनपुट कुठे सुरू झालं याचा पत्ता लागत नाही. फाइलचं नाव स्टॅकवर आयतं मिळतं: आरएसपीपाशी आर्गसी, त्यापुढे १६ बाइटांवर पहिल्या आर्ग्युमेंटचा पत्ता. त्यावरून एक लक्षात ठेव, _स्टार्टमधून रेट करायचं नसतं. तिथे परतीचा पत्ता नसतोच, आर्गसी असतो. बाहेर पडायला ६० नंबरचा सिसकॉल.

आता कंस. सगळं पाणी इथे मुरतं.

पुष्कळ जण ‘[’ आला की पत्ता स्टॅकवर पुश करतात आणि ‘]’ ला पॉप. सुबक दिसतं. पण खणात शून्य असताना ‘[’ आला तर पुश करायचं नाही, उडी मारायची, आणि उडी कुठवर हे स्टॅक सांगत नाही. ते शोधायला पुढचे कंस मोजावेच लागतात. शिवाय एक ‘]’ जास्तीचा आला की पॉपमध्ये आर्गसी हाती येतो आणि तू त्याला पत्ता समजून धावतेस. म्हणून मला हा मार्ग आवडत नाही. त्यापेक्षा मोजणी कर: कंसावरच उभी राहा, मोजणी शून्य, तो कंस धरूनच मोजायला सुरुवात कर आणि मोजणी परत शून्य झाली की थांब. ‘[’ पासून पुढे जायचं, ‘]’ पासून मागे. दोन्हीला एकच रूटीन पुरतं, फक्त पाऊल +१ की -१ ते एका रजिस्टरात दे. पुढच्या अक्षरापासून मोजायला लागलीस तर सुरुवात १ ने करावी लागते, आणि तिथे एकाची चूक करायला दोन जागा तयार होतात.

हे हळू चालतं, चालू दे. नंतर सुरुवातीलाच प्रोग्रॅमवरून एक फेरी मारून प्रत्येक कंसापुढे त्याच्या जोडीदाराची जागा टेबलात लिहून ठेव. त्याच फेरीत मोजणी कुठे ऋण झाली किंवा शेवटी शून्य आली नाही, तर स्टँडर्ड एररवर तक्रार छापून बाहेर पड.

बाइट वाचवायची हौस असेलच तर आस्कीचे आकडे बघ. ‘+’ ४३, ‘-’ ४५. ४४ मधून अक्षर वजा केलं की +१ किंवा -१ हातात येतो, तसाच खणात मिळव. ‘<’ ६० नि ‘>’ ६२, अक्षरातून ६१ वजा. कंस ९१ आणि ९३, मध्ये ९२. सहा चिन्हांची तीन कामं झाली. पण हे दुसऱ्या आवृत्तीत.

मेमरीबद्दल एवढंच. खणांची पट्टी बीएसएस विभागात ठेव, म्हणजे कर्नल शून्य भरून देतो. पट्टीच्या आधी प्रोग्रॅमचा बफर जाहीर केलास आणि कोणी पहिल्या खणावरून ‘<’ मारला, तर पुढच्या ‘+’ ने त्या बफरचा शेवट बिघडतो. पत्ता तपास, नाहीतर आधी मोकळी जागा तरी सोड.

टिपणं मराठीत लिही, त्यात फायदा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याच्या वरचा असतो, आठ चिन्हांतलं एकही त्यात चुकूनसुद्धा येत नाही. फक्त स्वल्पविराम नि पूर्णविराम इंग्रजीतलेच असतात. मराठी वाक्यातल्या त्या एका स्वल्पविरामापाशी तुझा इंटरप्रिटर कीबोर्डकडे तोंड करून बसून राहील आणि तू लूप अडकला म्हणून शोधत बसशील.

चाचणीला सगळं जग हॅलो वर्ल्ड घेतं. तू ‘नाशिक’ छाप. न, काना, श, वेलांटी, क अशा पाच खुणा, प्रत्येकी तीन बाइट, एकूण पंधरा. प्रत्येकीचे पहिले दोन बाइट तेच, २२४ आणि १६४. तिसरा तेवढा बदलतो: १६८, १९०, १८२, १९१, १४९. म्हणजे तीन खण पुरे. पहिल्यात २२४, दुसऱ्यात १६४, तिसऱ्यात १६८ भर, तिन्ही छाप. मग तिसऱ्यात २२ मिळव, पुढे ८ वजा, ९ मिळव, ४२ वजा, आणि दर वेळी तिन्ही छाप.

२२४ पर्यंत ‘+’ मारत बसू नकोस. शून्यातून ३२ वेळा ‘-’ केलं की बाइट उलटा फिरून २२४ वर येतो. दुसऱ्यासाठी ९२ वेळा, तिसऱ्यासाठी ८८. यातच खरी परीक्षा आहे. डीईसी करताना बाइट लिहायचं सोडून डीवर्ड लिहिलंस तर पहिल्याच ‘-’ ला उसनवारी शेजारच्या तीन खणांत जाते, तिथे शून्याऐवजी २५५ बसतात, दुसऱ्या खणात १६४ च्या जागी १६३ येतात आणि ‘न’ ऐवजी अरबी लिपीतली कुठलीशी खूण उमटते. हॅलो वर्ल्ड ‘+’ वरूनच चढत गेलं तर ही चूक पकडत नाही. एकदा सरळ छापून झालं की २२४ लूपने भर: ++++++++[>----<-] म्हणजे आठ वेळा चार वजा. खण एकाने सरकतील तेवढं सांभाळ. आता कंसही तपासले गेले.

अडलं तर आधी एसट्रेस लाव, जीडीबी नंतर. राइटचे पंधरा कॉल दिसायला हवेत, प्रत्येक एका बाइटाचा. चौदा दिसले तर शेवटचं चिन्ह तू वाचतच नाहीस, आर१३ शी तुलना करताना एकाने आधी थांबतेस. पंधरा आहेत पण अक्षर चुकीचं असेल, तर जीडीबीत पहिले आठ खण दशमान आकड्यांत बघ. आणि शेवटी टर्मिनलचा प्रॉम्प्ट ‘क’ ला चिकटून दिसेल, त्याने दचकू नकोस. नवी ओळ कोणी मागितलीच नव्हती. एक खण उजवीकडे जा, दहा वेळा ‘+’ कर आणि एक ‘.’ दे.