बिडी ओढत नाहीत, मग तंबाखू नाही काय?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, शिर्डीत आम्ही कापडाचा धंदा करतो. एक ठिणगी पडली तर ठाणच्या ठाण जाते, म्हणून आमच्या दुकानात कोणी बिडी ओढत नाही. याचाच आम्हांस अभिमान होता. पण हिशेब अपुरा होता.

२०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांवरील दर शंभर माणसांत धूम्रपान करणारे जेमतेम ४ निघाले. साऱ्या भारतात ११. इंडोनेशियात २०२१ साली हाच आकडा सुमारे ३४ होता. तेथे लवंग घातलेल्या सिगारेटी घरोघर चालतात. मग आपण फार चांगले?

आता दुसरे खाते उघडू. चुना-तंबाखू, मशेरी, गुटखा असा बिनधुराचा माल घेणारे महाराष्ट्रात शंभरात २४ होते. सर्व प्रकार धरून आकडा २७ वर जातो. इंडोनेशियात तंबाखू बहुतेक ओढलीच जाते, म्हणून तेथे एकूण आकडाही ३४ च्या आसपासच राहतो. म्हणजे ४ आणि ३४ ही तफावत खरी नव्हे. २७ आणि ३४ ही खरी. स्वीडनमध्येही ओढणारे थोडे, पण ओठाखाली तंबाखू ठेवणारे पुष्कळ.

२००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदीही आहे. तरी शिलाई मशीनवर बसलेल्या कारागिराच्या गालात पुडी असतेच. तोंडाचा कर्करोग धूर पाहून येत नाही.

म्हणून गादीवर गिऱ्हाइकापुढे तंबाखूची डबी सरकवण्याची रीत आम्ही बंद केली. आपणही करावी. सोडू इच्छिणाऱ्या कामगारास १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक द्यावा. एक खाते झाकून ताळा जुळत नसतो.