कर्जफेडीचा क्रम : कोणते देणे आधी?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले, की ते जाळले जात. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतपुरवठ्याचा कायदा झाला आणि पुढे गावोगाव विविध कार्यकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. पतपुरवठ्याची साधने वाढली. त्याबरोबर एकाच घरावर चार-पाच ठिकाणची देणी असणे ही सर्वसाधारण गोष्ट झाली. कर्ज कोठून व कसे मिळेल याची माहिती ग्रामस्थांना बहुधा असते. हाती थोडे पैसे आल्यावर कोणाचे देणे आधी द्यावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जो अधिक तगादा लावतो त्याला आधी, हाच पुष्कळ घरांचा नियम असतो, आणि तो तोट्याचा आहे.

एक उदाहरण घेऊ. एका अल्पभूधारक कुटुंबावर तीन देणी आहेत. खाजगी व्यक्तीकडून शेकडा दरमहा ५ रुपये व्याजाने घेतलेले २०,००० रुपये, बचत गटाचे शेकडा दरमहा २ रुपये दराचे १२,००० रुपये आणि किराणा दुकानदाराची बिनव्याजी उधारी ६,००० रुपये. दुधाच्या बिलातून घरखर्च भागून कर्जफेडीसाठी महिन्याला ४,००० रुपये उरतात. प्रत्येक महिन्यात सर्व देण्यांचे व्याज चुकते करायचे आणि उरलेली रक्कम कोणत्या तरी एकाच देण्याच्या मुद्दलात भरायची, असे ठरविले, तर दोन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग लहान देणे आधी मिटविण्याचा. दुकानदार, मग बचत गट व शेवटी खाजगी कर्ज या क्रमाने फेड केल्यास सर्व देणे फिटण्यास १३ महिने लागतात आणि व्याजापोटी सुमारे ११,१२४ रुपये जातात. दुसरा मार्ग अधिक व्याजाचे देणे आधी मिटविण्याचा. खाजगी कर्ज, मग गट व शेवटी दुकानदार असा क्रम धरल्यास ११ महिने पुरतात आणि व्याज सुमारे ५,८७० रुपये होते. कर्जे तीच, मासिक रक्कम तीच. केवळ क्रम बदलल्याने ५,२५० रुपयांचा फरक पडला.

लहान देणे आधी फेडण्याच्या बाजूनेही काही म्हणता येते. एक नाव वहीतून कायमचे खोडले गेले, की घरातील माणसांना हुरूप येतो. परंतु या हुरुपाची किंमत ५,२५० रुपये असेल, तर ती फार झाली. दुकानदाराशी संबंध टिकविण्यासाठी त्याला महिन्याला दोनशे-तीनशे रुपये देत राहणे हा त्यावरील व्यवहार्य तोडगा होय. बचत गटाचे व्याज चढे दिसले, तरी ते अखेर गटाच्याच निधीत जमा होते, हेही ध्यानात ठेवावे.

दर ओळखण्यातच अनेकांची गफलत होते. ‘शेकडा पाच’ हे शब्द हलके वाटतात. वर्षाला ते ६० टक्के होतात. हप्त्याच्या कर्जातही असाच भ्रम असतो. १२,००० रुपयांवर १२ टक्के सरळ व्याज आकारून दरमहा १,१२० रुपयांचे बारा हप्ते बांधले, तर मुद्दल दर महिन्याला घटत असूनही व्याज पूर्ण रकमेवरच घेतले जाते. त्यामुळे खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. शाळेत सरळव्याज शिकविताना हे एकच गणित फळ्यावर सोडविले, तरी मुलांमार्फत ते घरोघर पोचेल.

पीककर्ज मात्र या क्रमात बसत नाही. त्याचा दर सर्वांत कमी, म्हणून ते शेवटी फेडावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाचा मूळ दर ७ टक्के असला, तरी मुदतीत फेड करणाऱ्यास केंद्राच्या सवलतीला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड मिळते. २०२१-२२ पासून अशा कर्जावरील व्याजाचा भार मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यावर पडत नाही. मुदत हुकली, की सवलतही गेली आणि नवे कर्जही अडले. तेव्हा येथे दर पाहावयाचा नसून तारीख पाहावयाची.

या तारखेपायीच ‘नवे-जुने’ करण्याची रीत पडली आहे. खाजगी रक्कम काही दिवसांसाठी उचलून सोसायटीचे कर्ज भरावयाचे आणि नवे मंजूर होताच ती परत करावयाची. ६०,००० रुपयांच्या पीककर्जावर ७ टक्क्यांनी वर्षाचे ४,२०० रुपये वाचतात. शेकडा पाचने उचललेल्या तेवढ्याच रकमेचे महिन्याचे व्याज ३,००० रुपये होते. म्हणजे महिन्याभरात नवे कर्ज मिळाले, तरच हिशेब जमतो. दोन महिने लागले, तर ६,००० रुपये द्यावे लागतात आणि वाचवू गेलेला शेतकरी १,८०० रुपयांनी खाली येतो. नवे कर्ज केव्हा हाती पडेल, हे सोसायटीच्या सचिवाकडून आधी विचारून घेतल्याखेरीज या वाटेला जाऊ नये.

घरात थोडे सोने असेल, तर ते बँकेत तारण ठेवून खाजगी कर्ज एकदम फेडणे हा आणखी एक मार्ग आहे. तारणकर्जाचा दर वर्षाला १२ टक्के धरला, तर वरील २०,००० रुपयांचे महिन्याचे व्याज १,००० वरून २०० रुपयांवर येते. अट एवढीच, की वाचलेले ८०० रुपयेही मुद्दलातच भरले गेले पाहिजेत आणि खाजगी दाराशी पुन्हा जाणे होता कामा नये.

खाजगी देणे फेडताना कायद्याचीही माहिती हवी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्याच वर्षी शासनाने ठरवून दिलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के यांहून अधिक व्याज घेता येत नाही. उदाहरणातील ६० टक्के दर या मर्यादेच्या पाचपट आहे. अशा व्यवहाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करता येते. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. शेवटची रक्कम देताना सहीचा मुद्रांक कागद, कोरे धनादेश व जमिनीचे काही लिहून दिले असल्यास तेही, दोन साक्षीदारांसमक्ष परत घ्यावे.